मधात सरका : रोज अपडाऊन करणाऱ्या सहप्रवाशांना खुले पत्र

दारव्हा-कारंजा मार्गावर आणि त्याच्या आसपासच्या आडरस्त्यांवर एस.टी.ने रोज अपडाऊन करणाऱ्या माझ्या सर्व सहप्रवासी बंधू-भगिनींस,

सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या शाळा उन्हाच्या तडाख्यामुळे बाकी महाराष्ट्राच्या काही दिवस मागाहून, जून उतरणीला लागल्यावर उघडतात. तो दिवस आता तोंडावर आला आहे. उन्हाळाभर ज्या मुलामुलींशिवाय आपल्या सकाळ-संध्याकाळच्या गाड्या धावल्या, ती मुले पुन्हा दप्तरे घेऊन फाट्याफाट्यावर उभी राहतील आणि दरवर्षीप्रमाणे त्यांतली काही गाडी समोरून निघून गेल्यामुळे मागे राहतील. गाडीत आधीच चढलेल्या माणसांनी, म्हणजे तुम्ही आणि मी, काय केले तर त्यांना गाडीत जागा मिळेल, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

हे पत्र अधिकाऱ्यांना न लिहिता सहप्रवाशांना का लिहिले, असे काही जण विचारतील. गाड्या किती असाव्यात, कोणत्या वेळेला असाव्यात, फेरी रद्द झाली तर कुणी उत्तर द्यावे, या गोष्टींसाठी अर्ज आणि निवेदने आहेत, ती द्यावीत आणि मी स्वतःही त्यांवर सह्या केल्या आहेत. परंतु आहे त्या गाडीत आणखी दहा माणसे मावू शकत असताना ती बाहेर राहतात, याचे उत्तर कोणत्याही कार्यालयाकडे नाही. ते गाडीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसांकडे आहे. मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत काम करते. शिक्षक, ग्रामसेवक, उपकेंद्रातल्या सिस्टर, बँकेतले कर्मचारी आणि दुकानांत कामाला जाणारी मुले-मुली अशा अपडाऊन करणाऱ्यांच्या ज्या घोळक्यात मी रोज असते, त्या घोळक्याशीच मला बोलायचे आहे. आपण रोजचे आहोत, वाहक आपल्याला ओळखतात, गाडी कुठे हळू होते आणि कुठे थांबत नाही हे आपल्याला पाठ आहे. म्हणूनच गाडीत कसे वागायचे याचा पायंडा आपणच पाडतो आणि क्वचित प्रवास करणारा माणूस आपल्याकडे पाहून तसेच वागतो.

सर्वांत आधी दाराविषयी लिहिते, कारण बाकीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे आहे. संध्याकाळची गाडी बसस्थानकावरून निघते तेव्हा दारापासून दोन-तीन सीटांपर्यंत माणसे एकमेकांना चिकटून उभी असतात आणि त्यापुढे, गाडीच्या मधल्या भागापासून शेवटच्या लांब बाकापर्यंत, उभे राहायला मोकळी जागा असते. वाहक तिकिटाचे मशीन सांभाळत, गर्दीतून वाट काढत, "मधात सरका ना भाऊ, मांगं सारी जागा मोकळी आहे" असे सांगून सांगून थकतात. त्यांचे ऐकून कुणी अर्धे पाऊल सरकतो, कुणी दुसऱ्याकडे बघतो, आणि दाराजवळची भिंत तशीच राहते. पुढच्या फाट्यावर हात दाखवणारी माणसे दिसली की चालक आरशात पाहतात. आरशात त्यांना दाराच्या पायरीपर्यंत आलेली माणसे दिसतात. मागची मोकळी जागा आरशात दिसत नाही. गाडी भरली आहे असे समजून ते गाडी पुढे काढतात, आणि त्यांच्या जागी दुसरे कुणी असते तर त्यानेही तेच केले असते, कारण पायरीवर लोंबकळणारा माणूस खड्ड्यात पडला तर त्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. "हात दाखवा, एसटी थांबवा" ही आपल्या खेड्यांसाठी आलेली फार चांगली सोय होती आणि अजूनही आहे. पण हात दाखवणाऱ्याला आत घ्यायला दार मोकळे नसेल तर त्या सोयीचा उपयोग उरत नाही.

गेल्या श्रावणातली एक संध्याकाळ मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मधल्या मोठ्या गावात हायस्कूल आणि कनिष्ठ महाविद्यालय आहे. तिथल्या सात-आठ मुली फाट्यावरच्या कडुनिंबाखाली उभ्या होत्या. आभाळ भरून आलेले होते आणि झिमझिम सुरू झाली होती. गाडी हळू झाली, तशी पुढे उभ्या असलेल्या मुलीने चढायला हात मोकळा असावा म्हणून आपली छत्री मिटून काखेत धरली. चालकांनी दाराकडे पाहिले, काही क्षण गाडी जवळजवळ थांबलीच होती, आणि मग दोन घंट्या होऊन ती निघाली. मी मागच्या बाजूला उभी होते. माझ्या आजूबाजूला त्या सगळ्या मुली उभ्या राहू शकल्या असत्या. मागच्या काचेतून दिसले ते एवढेच की त्या मुलीने छत्री पुन्हा उघडली आणि बाजूच्या लहान मुलीला आत घेतले. त्यानंतरची गाडी अंधार पडल्यावर होती. त्या मुली पायी गेल्या की कुणाच्या मोटारसायकलवर बसून गेल्या, हे मला ठाऊक नाही. गाडीत त्या वेळी कुणी वाईट वागले नव्हते, कुणी भांडले नव्हते. सगळे जण आपापल्या जागी शांतपणे उभे होते, आणि तेवढ्यानेच ते घडले.

अशा दोन-चार संध्याकाळी गेल्या की घरात काय होते, हे आपण सगळे खेड्यातले लोक जाणतो. मुलगी उशिरा आली की आई फाट्यापर्यंत येऊन उभी राहते, बाप शेतातून थेट रस्त्यावर येतो, आणि तिसऱ्या वेळी घरात कुणीतरी म्हणते की दहावी झाली तेवढी पुरे आहे. सरकारने मुलींच्या शिक्षणासाठी प्रवासाची जी व्यवस्था केली आहे ती लहान नाही. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेतून ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो, इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, आणि मानव विकास कार्यक्रमात निवडलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी निळ्या रंगाच्या स्वतंत्र गाड्या दिलेल्या आहेत. पास खिशात असतो, गाडीही येते, आणि मुलगी तरीही रस्त्यावरच राहते, कारण तिच्या आणि मोकळ्या जागेच्या मध्ये आपण उभे असतो. निळ्या गाड्यांविषयी तर मला अधिक स्पष्ट बोलायचे आहे. ती गाडी ज्या वेळी मुलींना आणण्या-नेण्यासाठी येते, त्या वेळी तिच्यात मोठी माणसे सीटवर आणि मुली उभ्या, हे चित्र दिसता कामा नये. आपल्याला घाई असेल, दुसरी गाडी उशिरा असेल, तरीही त्या गाडीवर पहिला हक्क त्यांचा आहे.

दाराशी माणसे का थांबतात, याचाही मी विचार केला आहे, आणि ती सगळी आडमुठी आहेत असे मला वाटत नाही. ज्याला तिसऱ्या-चौथ्या फाट्यावर उतरायचे असते त्याला भीती असते की मागे गेलो तर उतरायच्या वेळी दारापर्यंत पोचता येणार नाही, तेवढ्यात दोन घंट्या होतील आणि गाडी पुढच्या गावाला नेऊन सोडेल. बाजाराची पिशवी, कडेवरचे मूल, गुडघे दुखणारी म्हातारी माणसे यांच्यासाठी ही भीती खरीच आहे. पण ही भीती जाणार कशी? मागून येणाऱ्याला वाट मिळते असा अनुभव त्याला आला, तरच तो मागे जाईल. यासाठी मी दोन साध्या गोष्टी सुचवते. ज्यांना शेवटच्या गावापर्यंत जायचे आहे, त्यांनी बसस्थानकावरच मागच्या भागात जाऊन उभे राहावे. आपल्या गाडीत अपडाऊनवाले बहुतेक शेवटपर्यंत जाणारेच असतात, त्यामुळे एवढे झाले तरी निम्मे दार मोकळे होईल. आणि उतरणाऱ्याने आपल्या फाट्याच्या एक थांबा आधी "मला उतरायचे आहे" असे मोठ्याने सांगत पुढे निघावे, बाकीच्यांनी त्याला अंग चोरून वाट द्यावी आणि वाहकांपर्यंत निरोप पोचवावा. "उतरणार आहे हो, थांबा" असे चार जणांनी एका आवाजात म्हटले तर गाडी थांबल्याशिवाय राहत नाही, हे आपण अनेकदा पाहिले आहे.

आता जागा धरण्याविषयी. गाडी बसस्थानकात शिरते न शिरते तोच खिडक्यांतून दुपट्टे, रुमाल, पाण्याच्या बाटल्या, जेवणाच्या डब्याच्या पिशव्या सीटांवर पडू लागतात. काही जण चालकाच्या दारातून चढतात, काही जण लहान मुलाला खिडकीतून आत सोडतात. दारात चढणाऱ्यांचा असा लोंढा असतो की आतली माणसे उतरू शकत नाहीत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून तपासणी करून परतणारे एक आजोबा मागच्या उन्हाळ्यात माझ्या पुढे उभे होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात एक्स-रेचे मोठे पाकीट, आणि चढणाऱ्यांच्या रेट्याने ते दोनदा दारापासून मागे ढकलले गेले. तिसऱ्या वेळी एका कॉलेजच्या मुलाने त्यांना हात धरून वर घेतले. वर गेल्यावर समोरच्या तिन्ही सीटा रिकाम्या होत्या आणि तिन्हींवर कुणाचे ना कुणाचे काही तरी ठेवलेले होते. "आमचा माणूस येऊन राहिला," असे बाजूच्याने सांगितले. तो माणूस बसस्थानकासमोरच्या टपरीवर चहा घेत होता. गाडी सुटायच्या वेळी तो आला आणि बसला, आणि आजोबा त्याच्या सीटच्या दांड्याला धरून दारव्ह्याच्या बाहेर पडेपर्यंत उभे राहिले. मग एका बाईंनी आपल्या मुलाला मांडीवर घेऊन त्यांना जागा दिली.

जो माणूस गाडीत नाही त्याच्यासाठी जागा धरून ठेवणे आणि जो गाडीत समोर उभा आहे त्याला ती नाकारणे, हे मला कोणत्याही हिशोबात बसवता येत नाही. रुमालाने आरक्षण होत नाही. ज्यांना आरक्षण हवे असते त्यांच्यासाठी आरक्षणाची खिडकी आहे. साध्या गाडीत जो चढला आणि बसला त्याचीच ती जागा. त्यातही महिला, दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक अशा पाट्या सीटांवर लिहिलेल्या असतात, त्या वाचायला आपल्याला वेगळे शिक्षण लागत नाही. शासनाने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत केला आणि ६५ ते ७५ वयाच्या लोकांना अर्धे तिकीट आहे. म्हातारी माणसे यामुळे अधिक बाहेर पडू लागली आहेत, लेकीच्या गावी जाऊ लागली आहेत, दवाखाना पुढे ढकलत नाहीत. ही चांगली गोष्ट आहे. शासनाने त्यांचे भाडे माफ केले; त्यांना बसायला जागा देणे मात्र गाडीतल्या माणसाच्याच हातात आहे.

याच ओघात महिलांच्या अर्ध्या तिकिटाविषयी बोलणे मला आवश्यक वाटते, कारण गाडीत गर्दी झाली की सर्वांत आधी त्यावर बोट ठेवले जाते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.च्या सर्व प्रकारच्या गाड्यांत तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. तेव्हापासून "बायांनीच गाड्या भरून टाकल्या, अर्ध्या पैशात पूर्ण सीट अडवतात" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, आणि इतक्या चांगल्या घरच्या, शिकलेल्या माणसांकडून ऐकले आहे, की मला त्याचे दुःख होते. या बाया कोण आहेत, ते एकदा नीट पाहा. निंदणाला किंवा कापूस वेचायला चार गावे ओलांडून जाणाऱ्या मजूर आहेत, बचत गटाच्या कामासाठी बँकेत येणाऱ्या आहेत, बाळंत झालेल्या लेकीसाठी मेथीचे लाडू घेऊन निघालेल्या आया आहेत, आजारी नवऱ्याची फाइल घेऊन यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात जाणाऱ्या आहेत. सवलत नव्हती तेव्हा यांतल्या कितीतरी जणी पायी जात होत्या किंवा जातच नव्हत्या. त्या आता गाडीत दिसतात, एवढाच फरक पडला आहे. गर्दी वाढली असेल तर गाड्या वाढवा असे म्हणावे, त्यासाठी आपण सगळे मिळून निवेदन देऊ; पण शेजारी उभ्या असलेल्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तिकिटाचा हिशोब करू नये. ती ते ऐकते, काही बोलत नाही, आणि पदर तोंडाशी धरून खिडकीबाहेर पाहत राहते. मी तिच्या बाजूला बसलेली असते, म्हणून मला ते दिसते.

खर्ऱ्याबद्दल लिहिताना मला हात आखडता घ्यायचा नाही, कारण हा विषय विदर्भात जितका घरगुती झाला आहे तितका तो बाहेरच्या माणसाला सांगूनही पटत नाही. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खर्रा मात्र पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटून मिळतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून तळहाताने रगडत रगडत माणूस गाडीत चढतो, अर्धा खर्रा तोंडात टाकतो, अर्धा शेजाऱ्याला देतो आणि काही वेळाने खिडकीबाहेर तोंड काढतो. चालत्या गाडीतून थुंकलेले खाली पडत नाही, मागे जाते. मागच्या खिडकीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, बाहीवर, वहीवर ते येऊन पडते. गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या दिवसांत एका विद्यार्थिनीच्या पांढऱ्या ओढणीवर असे लाल शिंतोडे उडाले. तिने पाण्याच्या बाटलीतले पाणी घेऊन ते धुवायचा प्रयत्न केला, डाग पसरत गेला, आणि शेवटी तिने ओढणीची घडी अशी घातली की डाग आतल्या बाजूला राहावा. पेपर सुटल्यावर घरी गेल्यानंतर तिने आईला काय सांगितले असेल, याचा विचार त्या थुंकणाऱ्या माणसाने केला नसेल. त्याने मागे वळूनही पाहिले नव्हते. तेव्हापासून ती मुलगी कितीही उकडत असले तरी खिडकीची काच लावून बसते.

खर्ऱ्याने तोंड उघडेनासे होते, पुढे कर्करोगापर्यंत गोष्ट जाते, हे डॉक्टर सांगतात आणि आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असा एक तरी माणूस आहे. ते सोडवणे या पत्राच्या आवाक्यातले नाही. माझी मागणी फार लहान आहे : गाडीत असेपर्यंत खर्रा तोंडात घालू नये. तासाभराचा प्रवास आहे. ज्याला तेवढेही राहवत नसेल, त्याने निदान खिडकीबाहेर थुंकू नये आणि पन्नी सीटखाली टाकू नये. वऱ्हाडच्या मातीत वाढलेल्या गाडगेबाबांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला गेले, आपल्या मार्गावरच्या माणसांना ते गाव दूर नाही. हातात खराटा घेऊन ज्यांनी गावोगावचे रस्ते झाडले, त्यांच्या पुण्यतिथीला आपण डिसेंबरात प्रभातफेऱ्या काढतो, शाळांत भाषणे करतो. ती भाषणे करणारे शिक्षकही माझ्याच गाडीत असतात, आणि त्यांनी शेजाऱ्याला एका शब्दाने टोकले तर त्या शब्दाला वजन असेल. माझ्यासारख्या बाईने टोकले तर भांडण होते. गुरुजींनी टोकले तर माणूस ओशाळतो.

मोबाईलच्या आवाजाबद्दल थोडक्यातच लिहिते. सकाळच्या गाडीत एकाच्या मोबाईलवर कीर्तन, दुसऱ्याच्या मोबाईलवर विनोदी व्हिडिओ आणि तिसऱ्याचे सोयाबीनच्या भावावरचे बोलणे एकाच वेळी चालू असते, आणि त्यातच बारावीची मुले मांडीवर पुस्तक उघडून बसलेली असतात. मुंबईत बेस्टने २०२३ साली बसमध्ये इअरफोनशिवाय गाणी-व्हिडिओ लावण्यास मनाई केली. आपल्याला त्यासाठी आदेशाची वाट पाहायची गरज नाही. इअरफोन लावा, नसेल तर आवाज बंद करा. फोनवर बोलणे अडवता येत नाही, ते मी समजते. खेड्यात अनेकदा एकाच ठिकाणी रेंज मिळते आणि घरचा महत्त्वाचा फोन तिथेच येतो.

बाजाराच्या दिवशीच्या ओझ्याबद्दल मात्र मला तक्रार करायची नाही. आठवडी बाजारातून भाजीची टोपली, तुरीच्या डाळीचा कट्टा, एखादी कोंबडी घेऊन येणारी माणसे हीच एस.टी.ची मूळ माणसे आहेत आणि त्यांच्या सामानाने आपल्या कपड्याची इस्त्री मोडते म्हणून कपाळाला आठ्या घालण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांना फक्त एवढे सुचवावे, आणि हाताने मदत करून सुचवावे, की कट्टा मधल्या वाटेत न ठेवता सीटखाली किंवा मागच्या बाजूला सरकवावा, कारण वाटेतल्या एका कट्ट्यामुळेही मागची अर्धी गाडी रिकामी राहते.

आपल्याला पर्याय नव्हता ते दिवस फार जुने नाहीत. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला आणि तेवढे महिने आपल्या फाट्यांवर लाल गाडी जवळजवळ दिसली नाही. काळी-पिवळीत बसायला माणूस मिळेल तिथे लटकत होता, मागेल तेवढे भाडे देत होता. करोनाने आधीच बंद पडलेल्या शाळा उघडल्या तेव्हा मुले शाळेत पोचायला साधन नव्हते. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची शकुंतला रेल्वे पूर्वी आपल्याच भागातून, दारव्हा आणि कारंजा करत जायची. हळू जायची, पण सर्वांना घेऊन जायची, आणि ती बंद पडून आता बरीच वर्षे झाली. तिच्या पुनरुज्जीवनाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आहोत. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो आपल्या वेळेने निघतो. ज्याच्याकडे ती नाही, त्या विद्यार्थ्याला, म्हाताऱ्याला, मजुरीला जाणाऱ्या बाईला आज या भागात एस.टी. हेच एकमेव साधन उरले आहे. म्हणून तिच्यातल्या एका उभ्या जागेचीही किंमत मला फार मोठी वाटते.

काही सहप्रवासी मला म्हणतील की हे सारे सांगायला वाहक आहेत, ते त्यांचे काम आहे. मला हे मान्य नाही. वाहकांच्या एका हातात तिकिटाचे मशीन, दुसऱ्या हातात सुट्टे पैसे, लक्ष पुढच्या थांब्याकडे आणि घंटीच्या दोरीकडे असते. पन्नास-साठ माणसांना एका माणसाने शिस्त लावावी ही अपेक्षा चुकीची आहे, आणि त्यांनी थोडा आवाज चढवला तर त्यांच्याशी हुज्जत घालणारेही आपल्यातच असतात. जी गोष्ट एका वाहकाने सांगितली तर ऐकली जात नाही, ती चार प्रवाशांनी सांगितली तर ऐकली जाते. तेव्हा शाळा उघडल्यावर पहिले काही दिवस आपल्यापैकी दोघा-तिघांनी बसस्थानकावर गाडीजवळ थांबून आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यावे, मग विद्यार्थी आणि म्हाताऱ्या माणसांना चढू द्यावे, आणि शेवटी आपण चढून मागे जावे, असा माझा प्रस्ताव आहे. मी माझ्या संध्याकाळच्या गाडीला हे करणार आहे. माझ्यासोबत उपकेंद्रातल्या एक सिस्टर आणि कापडाच्या दुकानात काम करणारे दोन तरुण तयार झाले आहेत. सकाळच्या कारंज्याकडच्या गाडीसाठी मात्र अजून कुणी पुढे आलेले नाही. त्या गाडीने जाणाऱ्या शिक्षक बंधूंपैकी कुणी ही जबाबदारी घेतली तर फार बरे होईल, कारण फाट्यावरची निम्मी मुले त्यांच्याच वर्गातली आहेत.

या पत्रातले काही कुणाला अन्यायाचे वाटले, किंवा मला न दिसलेली एखादी अडचण कुणाच्या ध्यानात असेल, तर ती मला गाडीत भेटून अवश्य सांगावी. मी मागच्या बाजूला उभी असते.

आपली नम्र,
दारव्हा तालुक्यातील एक रोजची सहप्रवासी